गावच्या पंचायतीला उभं राहायचंय, महाराष्ट्र एकीकरण समितीकडून की राष्ट्रीय पक्षाच्या पॅनेलमधून? आत जाऊन आलेल्यांनी सांगावं

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं आमचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. वय ३१, उद्यमबागला सीएनसी मशीनवर कामाला आहे, घरची दीड एकर शेती, पावसाळ्यात भात आणि भात निघालं की मसूर. मागची ग्रामपंचायत डिसेंबर २०२० ला झाली होती, आता परत वारं सुटलंय आणि आमच्या गल्लीतली पोरं म्हणायलेत की तू उभा रहा. कोविडमध्ये आम्ही सातआठ जणांनी मिळून थोडं काम केलं होतं, औषधं आणून देणं, बिम्सला (बेळगावच्या सरकारी दवाखान्यात) बेड मिळतंय का बघणं वगैरे, त्यामुळं लोक ओळखतात एवढंच.

अडचण अशी आहे की आमचं घर समितीचं, म्हणजे बेळगाव सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्यांचं. आजोबा सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आले, बाबा दरवर्षी १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या (१९५६ ला आपला भाग कर्नाटकात घातला त्याच्या निषेधाच्या) सायकल फेरीला जातात, मीपण कॉलेजपासून जातोय. खरं गेल्या महिन्यात एका राष्ट्रीय पक्षाचे आमच्या भागातले पुढारी घरी येऊन गेले, चहा घेतला, बाबांच्या पाया पडले आणि मला म्हणाले की आमच्या पॅनेलमधून ये, निवडून आलास की गावाला दोन रस्ते आणि समुदाय भवन, आणि पुढं तालुका पंचायतीचा बी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, तुलाच. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतंय हे मला माहीत आहे, पण पॅनेल कुणाचं हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतंय.

बाबा काहीच बोलले नाहीत. पुढारी गेल्यावर नुसतं कप उचलून आत घेऊन गेले.

मला दोन्ही बाजूंच्या शिव्या नको आहेत, त्या व्हॉट्सॲपवर रोज वाचतोय. ज्यांनी खरोखर निवडून येऊन खुर्चीवर बसून काम केलंय आणि आता बाहेर आहेत अशा कुणी सांगावं की आत गेल्यावर माणसाचं काय होतंय. रस्ता गटार तर व्हायलाच पाहिजे, आमच्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतोय. खरं रस्त्यासाठी आजोबांचं सगळं सोडून द्यायचं काय हे मला समजंना झालंय.

जुना_पंचायतवाला

पोरा, तुझा प्रश्न वाचून दोन दिवस झाले, लिहू का नको असं चाललं होतं. मी दोन वेळा तालुका पंचायतीचा सदस्य होतो, एकदा समितीतून आणि एकदा राष्ट्रीय पक्षातून, म्हणजे तू ज्या दोन दारांसमोर उभा आहेस त्या दोन्ही दारांतून मी आत जाऊन आलोय. आता कुठंच नाही, शेती करतो. त्यामुळं कुणाची बाजू घेऊन मला काही मिळायचं नाही.

सुरुवात १९८६ पासून सांगतो कारण त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही. तेव्हा मी १७ वर्षांचा होतो. कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन पेटलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गोळीबार झाले, नऊ जण गेले. हिंडलग्याच्या स्मारकावर १ जूनला आपण जातो ते त्यांच्यासाठी. आमच्या भागातली माणसं होती ती, शेतात राबणारी, त्यातल्या कुणाला आमदार व्हायचं नव्हतं. त्या पावसाळ्यात मी राजकारणात आलो असंच म्हणावं लागेल, मत द्यायचं वय पण नव्हतं माझं.

नंतर १९९६ ची लोकसभा. तुझ्या वयाच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही पण त्या वर्षी बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. दिल्लीनं सीमाप्रश्नाकडं बघावं म्हणून समितीनं गावागावातून अर्ज भरायला लावले आणि त्यातला एक मी. ५०० रुपये डिपॉझिट, तेवढे पण माझ्याकडं नव्हते, गावातल्या भजनी मंडळानं आणि तरुण मंडळानं वर्गणी काढली. मतपत्रिका म्हणजे पुस्तकच झालं. त्याच वर्षी पुढं कायदा बदलला, डिपॉझिट १०,००० केलं आणि अपक्षाला दहा सूचक पाहिजेत असं झालं. मी पडलो, डिपॉझिट गेलं, आणि घरी आलो तेव्हा आईनं ओवाळलं मला. निवडून आल्यावर पण असं कुणी ओवाळलं नाही नंतर.

२००५ ला तालुका पंचायतीवर निवडून आलो. त्याच हिवाळ्यात बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला, महापौर विजय मोरेंच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळं फासलं आणि पालिका बरखास्त झाली, सगळा सीमाभाग पेटलेला होता आणि आमच्यासारखे कितीतरी जण त्या लाटेवर आत गेले. आता आत जाऊन मी काय केलं ते ऐक. सभेची विषयपत्रिका कन्नडमध्ये, मला कन्नड बोलता यायचं बाजारातलं, वाचता अजिबात यायचं नाही. आम्ही उठायचो, मराठीत कागद द्या म्हणून घोषणा द्यायचो, मागणी बरोबरच होती आणि आजपण बरोबर आहे, पण घोषणा झाल्या की सभात्याग. आम्ही बाहेर पायरीवर फोटो काढायचो तोवर आत पाच मिनिटांत सगळे विषय मंजूर. एकदा माझ्याच मतदारसंघातल्या पाण्याच्या योजनेचा विषय होता त्यात, गाव बदललं गेलं, मला तीन महिन्यांनी कळलं. पायपा दुसरीकडं पडल्यावर. याचा दोष मी कुणाला देत नाही, खुर्ची माझी होती आणि मी तिच्यावर बसलो नव्हतो.

२०१० ला थोडक्या मतांनी पडलो. मग पाच वर्षं घरी बसून डोक्यात एकच, कामं करायची तर सत्तेबरोबर पाहिजे. २०१६ ला एका राष्ट्रीय पक्षात गेलो, बी फॉर्म मिळाला, निवडून आलो. आणि तुला खोटं सांगत नाही, कामं झाली. इंजिनिअर फोन उचलायला लागला. केडीपी मीटिंगला (विकासकामांच्या आढावा बैठकीला) माझं नाव घेऊन प्रश्न विचारू लागले. टाकी झाली, दोन गावांना जोडणारा रस्ता झाला, म्हाताऱ्या बायकांच्या पेन्शनचे अडकलेले कागद सुटले. एक आजी होती, तिचं पेन्शन दीड वर्ष बंद होतं, ते सुरू झालं त्या दिवशी ती पदरात शेंगा बांधून आली होती माझ्याकडं. हे सगळं मी अजून अभिमानानं सांगतो.

पण त्याची किंमत एकदम मागत नाहीत रे. पहिल्या वर्षी फक्त सांगितलं की काळ्या दिनाला तुम्ही दिसू नका, नेत्यांना अडचण होते. मी म्हटलं बरं, घरात बसून उपास केला. पुढच्या वर्षी सांगितलं १७ जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात नको, त्याच दिवशी कार्यक्रम आहे, गाडी घेऊन या. मग समितीच्या महामेळाव्याबद्दल पत्रकारानं विचारलं तर काही बोलायचं नाही. मग सभेत त्या विषयावर हात वर करायचा नाही. प्रत्येक वेळी गोष्ट एवढीशी असायची की तिच्यासाठी रस्त्याचं काम घालवणं वेडेपणा वाटायचा. आणि मी स्वतःच एक वाक्य तयार केलं होतं, भाषणात सगळीकडं म्हणायचो, भाषेचा प्रश्न वेगळा आणि विकासाचा प्रश्न वेगळा. टाळ्या पडायच्या.

ते वाक्य चुकीचं होतं. कसं ते लिहायला मला अजून जड जातं, नंतर कधीतरी लिहीन.

तुला एवढंच सांगतो की आधी कन्नड वाचायला शीक. मी चाळिशी ओलांडल्यावर शिकलो, मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून, तिनंच शिकवलं. आपली भाषा मागायची म्हणून समोरच्याचा कागद वाचायचा नाही हा नियम कुणी केला मला माहीत नाही, पण त्यानं आपलंच नुकसान झालंय. आणि निवडणुकीच्या आधी येणाऱ्या ग्रामसभेला जा, साधा माणूस म्हणून, जमाबंदीला (पंचायतीच्या हिशोबाच्या जाहीर तपासणीला) बस, उद्योग खात्रीची (रोजगार हमीची) यादी माग, कुणाच्या नावावर किती दिवस मजुरी पडली आहे बघ. त्यातली अर्धी नावं तुला शेतात कधी दिसली नसतील.

मलप्रभाकाठ

मी खानापूर तालुक्यातली, एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, त्यातली अडीच वर्षं अध्यक्ष. महिला राखीव मधून. कर्नाटकात पंचायतीत ५०% जागा बायकांना आहेत त्यामुळं आम्हाला उभं करायला सगळे पॅनेल तयार असतात, काम करू द्यायला कुणीच नाही.

काकांनी चांगलं लिहिलंय पण एक गोष्ट पुरुष कधी लिहीत नाहीत. मी अध्यक्ष झाल्यावर पहिल्या महिन्यात पीडीओ (पंचायतीचे विकास अधिकारी) घरी कागद पाठवायचे सहीला. घरी. आणि माझ्या मिस्टरांच्या हातात द्यायचे. मी म्हटलं सही पंचायतीत होईल, मी रोज अकरा वाजता येते, तर आमच्या पॅनेलमधलेच सदस्य म्हणाले वहिनी तुम्ही कशाला त्रास घेता. सहा महिने गेले त्यात. मग मी बिलं वाचायला लागले तेव्हा त्रास कुणाला होणार होता ते समजलं, एकाच गटारीचं दोनदा बिल आलं होतं. सही केली नाही. त्यानंतर अविश्वास ठरावाची भाषा सुरू झाली आणि त्यात समितीवाले पण होते आणि राष्ट्रीय पक्षवाले पण, तिथं मात्र दोघांचं जमलं.

म्हणून भावा तुला विचारते, तू पॅनेल कुठलं विचारतोयस, पॅनेलमध्ये बाकीचे कोण कोण आहेत ते बघितलंस काय? कंत्राटदार किती आहेत? कंत्राटदाराचा भाऊ किती आहेत? आमच्याकडं अध्यक्ष निवडीच्या आधी सदस्यांना गाडीत घालून गोव्याला नेऊन ठेवतात चार चार दिवस, मलापण चल म्हणाले होते, मी माहेरी जाऊन बसले. जे गोव्याला जाऊन आले त्यांनी पुढची अडीच वर्षं तोंड उघडलं नाही.

आमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या आतली गावं आहेत, आमगाव, गवाळी, कोंगळा तिकडची. पावसात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतंय अजून. तिथल्या माणसाला तुम्ही समितीचे का पक्षाचे असं विचारायचं धाडस माझं होत नाही. पण तिथल्या शाळेत मराठी मास्तर नसला तर पोरं घरी बसतात हे पण मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं भाषेचा विषय म्हणजे शहरातल्या लोकांचा रिकामा उद्योग असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

टिळकवाडी_९१

माझी मातृभाषा कन्नड, मराठी शाळेच्या मैदानावर शिकलो, चुका असतील तर सांभाळून घ्या. इथं लिहू का असं वाटलं पण जुना_पंचायतवाला यांनी कन्नड वाचायला शिकल्याचं लिहिलं म्हणून लिहितोय.

आमच्या घरात आजी आईशी कन्नड बोलायची आणि शेजारच्या मावशीशी मराठी, भाजीवाल्याशी दोन्ही मिसळून, मला लहानपणी वाटायचं ही एकच भाषा आहे. १ नोव्हेंबरला आमच्याकडं राज्योत्सवाची मिरवणूक आणि माझ्या जिवलग मित्राच्या दंडाला काळी फीत. आम्ही त्या दिवशी एकमेकांना फोन करत नाही, दोन तारखेला करतो. पंचवीस वर्षं असं चाललंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीत कागद द्या ही मागणी ऐकल्यावर आमच्यातल्या खूप जणांना ती महाराष्ट्रात जायच्या मागणीसारखीच ऐकू येते, दोन्हीत फरक आहे हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्त तर घटनेतच आहे, ३५० ब कलम, ते १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं हे ३५० अ मध्ये आहे. हे मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात वाचलं, कुठल्या भाषणात ऐकलं नाही. तुमच्या गावात कन्नड घरं असतील तर त्यांच्याकडं पण मत मागायला जा, आणि तीच गोष्ट सांगा जी मराठी गल्लीत सांगता.

निपाणीकर

ताईंच्या कंत्राटदारवाल्या मुद्द्याला माझा पाठिंबा. आमच्याकडं वडील १९८१ च्या तंबाखू आंदोलनात होते, शरद जोशींबरोबर हायवेवर बसलेले हजारो शेतकरी, त्यात मराठी किती कन्नड किती कुणी मोजलं नव्हतं, ६ एप्रिलला गोळीबार झाला तेव्हा गोळीनं पण विचारलं नाही. वडील सांगायचे की त्या महिन्यात कुठलाच पक्ष गावात फिरकला नव्हता आणि भाव वाढल्यावर सगळे आले हार घेऊन.

तरी एक विरोध नोंदवतो. काकांनी सभात्यागाबद्दल लिहिलं ते पटलं पण आता समितीच्या माणसांनाच धारेवर धरायची फॅशन झालीय. २०१३ ला दोन आमदार होते, २०१८ ला एकाच मतदारसंघात दोन दोन उमेदवार उभे करून शून्यावर आलो, २०२३ ला पण शून्य, बेळगाव महापालिकेत २०२१ ला ५८ पैकी ३५ जागा एका राष्ट्रीय पक्षाकडं गेल्या. हे सगळं खरं. पण त्याच २०२१ च्या एप्रिलात लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाच्या वर मतं पडली ती कुठून आली? पैसे नाहीत, सत्ता नाही, निवडून यायची खात्री नाही, तरी लाखभर लोक रांगेत उभं राहून मत देतात. त्या लोकांचं काय करायचं हे पुढाऱ्यांना कळलं नाही, लोकांचं काही चुकलेलं नाही.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

सगळ्यांचे आभार, शिफ्ट संपवून आता वाचतोय, रात्रीचे साडेबारा झालेत. ताई, तुमचं वाचून पॅनेलची यादी काढली. अकरा जण ठरलेत त्यातले चार कंत्राटदार किंवा त्यांच्या घरातले. मला हे आधी दिसलं कसं नाही.

जुना_पंचायतवाला काका, राग मानू नका, एक विचारतो. तुम्ही पक्ष सोडला मग परत समितीत का नाही गेलात? आणि ते वाक्य चुकीचं होतं म्हणालात, ते कसं? मला तेच पाहिजे होतं खरं, कारण माझ्याकडं आलेले पुढारी तंतोतंत तेच वाक्य बोलले.

जुना_पंचायतवाला

राग कसला. लिहितो.

२०१८ चा पावसाळा असेल. सभेत समितीच्या एका सदस्यानं विषय मांडला की तालुक्यात जिथं मराठी लोक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं पंचायतीची परिपत्रकं, नोटिसा, सातबाऱ्यासारखे उतारे मराठीत पण मिळावेत, असा ठराव करून वर पाठवावा. साधा ठराव. कुठं जायचं नव्हतं, कुणाचं राज्य तोडायचं नव्हतं. सकाळीच मला फोन आला होता की आज तो विषय येईल, आपल्याला काही बोलायचं नाही. माझ्या रस्त्याचा दुसरा टप्पा त्याच महिन्यात मंजूर व्हायचा होता. ठरावाला कोणाचा पाठिंबा आहे असं विचारलं तेव्हा मी समोरच्या फाइलीत बघत बसलो. सभागृहात आम्ही मराठी बोलणारे जेवढे होतो तेवढ्यांनी हात वर केला असता तर ठराव नोंदला गेला असता. नोंदला गेला नाही. मी बाहेर आलो, चहा प्यालो, रस्त्याचा टप्पा मंजूर झाला.

त्यानंतर सातआठ महिन्यांनी आमच्या गावचे एक काका माझ्याकडं आले. १९८६ ला जेलात होते, त्या आंदोलनात पाठीवर लाठ्या खाल्लेल्या, थंडीत अजून दुखते म्हणायचे. मी राष्ट्रीय पक्षात गेल्यापासून ते माझ्या दारात आले नव्हते, रस्त्यात भेटले तर नुसते मान हलवायचे. त्या दिवशी आले आणि पिशवीतून एक कागद काढला, घडी पडून पडून पिवळा झालेला. देवाच्या फोटोच्या मागं ठेवला होता म्हणाले, सरकारी शिक्का आहे म्हणून जपून ठेवला, काय आहे वाचून दाखव. कन्नडमध्ये होता. मी वाचला. त्यांच्या शेतातल्या पट्ट्याची रस्त्यासाठीच्या भूसंपादनाची नोटीस होती ती आणि हरकत द्यायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. दोन पिकं निघणारी जमीन, खाली भात वर मसूर. घरात मुलगा पुण्याला कामाला, सून पण तिकडं, म्हातारा म्हातारी दोघंच, वाचणार कोण.

मी त्यांना काय सांगायचं सांग. मी ज्या सभेत गप्प बसलो तो ठराव झाला असता तर नोटीस मराठीत आली असती असं नाही, मला माहीत आहे, वर पाठवलेले किती ठराव धूळ खात पडतात. पण मी स्टेजवरून सांगत होतो भाषा वेगळी आणि विकास वेगळा, आणि इथं एका माणसाचं शेत गेलं ते रस्त्यानं आणि भाषेनं मिळून. कुठलं कुठल्यापासून वेगळं करायचं? मी त्यांना म्हटलं काका मुदत गेली. ते म्हणाले, बरं. कागद परत घडी घातला, त्याच घडीवर, आणि म्हणाले तू वाचायला शिकलास ते चांगलं केलंस. एवढंच बोलले. मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यांना घेऊन मी वकिलाकडं गेलो, ऑफिसात गेलो, ज्या फोनवर सगळे उचलायचे तो फोन लावला, तर त्या विषयात मी पडू नये असं मला सांगण्यात आलं. टर्म संपेपर्यंत थांबलो, कारण पेन्शनचे काही कागद मधेच अडकले असते, ते कारण खरं होतं का मी मनाला सांगितलेलं होतं हे मला आजही सांगता येणार नाही. २०२१ ला मुदत संपली आणि मी पक्षाला पत्र दिलं. त्यानंतर तालुका आणि जिल्हा पंचायतीच्या निवडणुका वर्षानुवर्षं लागल्याच नाहीत त्यामुळं कुणी विचारायला पण आलं नाही.

समितीत परत का गेलो नाही, तर बोलावलं होतं. जुने मित्र घरी आले होते. पण १ जूनला हिंडलग्याला ज्या रांगेत ते काका उभे असायचे त्या रांगेत पुढं जाऊन हार घालायला माझे पाय उचलले नाहीत. आता जातो, दरवर्षी जातो, मागं उभा राहतो. गेल्या वर्षी काका नव्हते, वारले ते त्याच्या आधीच्या दिवाळीत.

टिळकवाडी_९१, तुम्ही लिहिलंत ते माझ्या मनातलं आहे. त्या ठरावाच्या वेळी आमच्या शेजारी एक कन्नड भाषिक सदस्य बसले होते, सभा संपल्यावर मला म्हणाले, तुम्हीच हात वर केला नाही तर मी कसा करणार. त्यांचा हात तयार होता.

मलप्रभाकाठ

काका, हे वाचून मी अर्धा तास काही केलं नाही. आमच्याकडं पण असे कागद देवाच्या फोटोमागं असतात. उद्या मी आमच्या गल्लीत चार घरं फिरून विचारणार आहे, कुणाकडं न वाचलेलं काही पडलंय काय. मला कन्नड वाचता येतंय, नणंदेला पण येतंय.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

काका, बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते उठून कपाटातली पिशवी घेऊन आले, आजोबांच्या वेळची, त्यात शेताचे जुने उतारे, सर्व्हेचे नकाशे आणि पाच कागद असे की जे आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नाहीत. एकावर चार वर्षांपूर्वीची तारीख आहे तेवढं आकड्यावरून समजलं.

पॅनेलला नाही म्हणून सांगितलंय. अपक्ष उभं राहायचं का समितीच्या बैठकीला जाऊन आधी तिथं बोलायचं हे अजून ठरलं नाही, बाबा म्हणायलेत बैठकीला मीपण येतो. तुम्ही कुठल्या भागात आहात काका, ते कागद घेऊन आलो तर बघाल काय?

जुना_पंचायतवाला

घेऊन ये, मेसेजमध्ये गावाचं नाव सांगतो. सुगी चालू आहे, दिवसभर मळणीवर असतो, संध्याकाळी सातनंतर घरी. बाबांना घेऊनच ये. आणि तो चार वर्षांपूर्वीचा कागद त्याचा आत्ताच फोटो काढून पाठव, यायची वाट बघू नको.